निस्तार मोफत, व्यापाराला दर

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्याच्या मुलचेरा तालुक्यातल्या एखाद्या गावाबाहेर तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पाने गोळा करून मोजण्याची जागा, भरते. पहाटे अंधारात जंगलात शिरलेली माणसे ऊन चढायच्या आत परततात, सावलीत बसून पाने जुळवतात, पुडे बांधतात आणि दुपारनंतर ते डोक्यावर घेऊन फळीवर येतात. सत्तर पानांचा एक पुडा. मजुरी ठरते ती शंभर पुड्यांवर, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पुडे जमिनीवर ओळीने वाळत घातले जातात, मोजले जातात, वहीत नोंद होते. थोड्या दिवसांचा हा हंगाम. त्यावर घरोघरचे बियाणे, पावसाळ्याचा किराणा, मुलांच्या वह्या-दप्तरांचा खर्च उभा असतो. वहीत एक आकडा खालीवर झाला, तर कोणाच्या तरी एका दिवसाच्या घामाचा हिशेब लागत नाही.

आता समजा, गावातलीच एक मुलगी गडचिरोलीला कॉम्प्युटर शिकून आली आणि तिने या वहीच्या जोडीला चालेल असे ॲप लिहिले. नेटवर्क नसले तरी ते चालते. कोणत्या घराचे किती पुडे झाले ते दाखवते, वाचता न येणाऱ्याला त्याच्या भाषेत आकडा बोलून सांगते, हंगामाच्या शेवटी ग्रामसभेपुढे ठेवायचा तक्ता काढून देते. तिने त्याचे पैसे घ्यावेत का? घ्यावेत तर कोणाकडून?

स्वतःच्या बळावर ॲप लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, मग तो पुण्यात असो की पोर्टलँडमध्ये. मी तो मुलचेऱ्यात विचारतो आहे, कारण शहरात जी उत्तरे सहज चालून जातात त्यांतली बरीचशी इथे टिकत नाहीत. 2011 च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती. एवढ्याशा वस्तीत गोंड आणि माडिया गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि सरकारने इथे वसवलेल्या बंगाली कुटुंबांची सुंदरनगर, विवेकानंदपूर, देशबंधुग्राम अशी गावेही आहेत. कचेरीची भाषा मराठी, आणि दक्षिणेकडे गेले की तेलुगू कानावर पडू लागते. माणसे थोडी, भाषा अनेक. सॉफ्टवेअरच्या धंद्याला याहून अवघड बाजारपेठ शोधून सापडणार नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. गरीब माणूस मोबाइलवर पैसे खर्च करत नाही, हे खरे नाही. कोणत्याही तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहून पाहावे. टेम्पर्ड ग्लास विकली जाते, चार्जरची वायर विकली जाते, आणि रिचार्ज तर सतत चालू असतो. ग्लास हातात घेऊन पाहता येते, आणि रिचार्ज संपला की फोन मुका होतो, म्हणून या दोन्हींचे पैसे निमूट दिले जातात. ॲप हातात धरता येत नाही आणि त्याचे पैसे दिले नाहीत म्हणून उद्या सकाळी काही बंदही पडत नाही. म्हणून त्याची किंमत लोकांच्या मनात शून्य असते.

दुसरी अडचण पैसे देण्याच्या वाटेची. प्ले स्टोअरवर ॲप विकत घ्यायचे तर फोनमध्ये स्वतःचे खाते लागते. ग्रामीण भागात फोन घेतला त्या दिवशी दुकानदारानेच खाते उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड कोणालाही आठवत नसतो. फोन बदलला की नवे खाते, आणि जुन्या खात्यावर घेतलेले ॲप गेले. पन्नास रुपये देऊन वर्षभरात हा अनुभव आला, तर तो माणूस पुन्हा पैसे देणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

मग जाहिराती? मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक खिशात आणणारे एम-इंडिकेटर हे या बाबतीतले मराठी माणसाला सर्वांत ओळखीचे उदाहरण. सचिन टेके यांनी ते 2010 च्या सुमारास आणले. प्रवाशाकडून पैसे न घेता जाहिरातींवर ते उभे राहिले, आणि आजही लाखो लोक फलाटावर उभे राहून ते उघडतात. तिथे हे गणित बसते, कारण माणसे लाखांनी आहेत, ती रोज दोनदा ॲप उघडतात आणि त्यांच्या फोनला नेटवर्क असते. फळीवरच्या ॲपला यातले काहीच नाही. वापर वर्षातून काही दिवस, वापरणारे थोडे, आणि नेटवर्क नसेल तर जाहिरात उतरणारच नाही. जे ॲप नेटवर्कशिवाय चालते म्हणून उपयोगाचे आहे, त्याच्यावर जाहिरातीतून पैसा येणे शक्य नाही.

शिवाय जाहिरातीचा मार्ग धरला की ॲपची सूत्रे हळूहळू दुसऱ्याच्या हाती जातात. सेतू केंद्रांपासून वकिलांच्या टेबलापर्यंत ज्याने कागद स्कॅन केले ते कॅमस्कॅनर आठवा. ऑगस्ट 2019 मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक भाग सापडला. तो त्यात आला होता जाहिराती दाखवण्यासाठी जोडलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी सॉफ्टवेअरमधून. सातबारा, आधार कार्ड, जातीचा दाखला असे सगळे ज्या ॲपमधून गेले, त्याच्या पोटात काय बसले होते ते वापरणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नव्हता.

व्हॉट्सॲपची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. पहिले वर्ष मोफत आणि पुढे वर्षाला सुमारे एक डॉलर, असा त्याचा एके काळी दर होता. जाहिराती घेणार नाही असे संस्थापक उघड सांगत, आणि तो डॉलर हाच त्या शब्दाचा आधार होता. 2014 मध्ये फेसबुकने ती कंपनी 19 अब्ज डॉलरांना घेण्याचा करार केला, जानेवारी 2016 मध्ये वर्गणी रद्द झाली, आणि जून 2025 मध्ये व्हॉट्सॲपच्या अपडेट्स भागात जाहिराती येणार असल्याचे जाहीर झाले. वर्षाला एक डॉलर वाचला तेव्हा आपल्याला आनंद झाला होता. त्या डॉलरबरोबर कंपनीला जाब विचारण्याचा आपला हक्कही गेला, हे मला फार उशिरा उमगले.

पैसे घेऊन उभे राहिलेल्यांची मराठी गोष्ट पुण्यात घडली. रहिमतपूरकडच्या कुटुंबातले कैलास काटकर दहावीनंतर रेडिओ आणि कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी कॉम्प्युटर शिकवायला घातले. त्या काळी दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस असत, आणि ते काढण्याची छोटी साधने संजय लिहून देत. दुरुस्तीच्या ओघात होणारे हे काम वेगळे काढून विकायचे त्यांनी ठरवले आणि 1995 मध्ये क्विक हील हे अँटिव्हायरस बाजारात आले. फेब्रुवारी 2016 मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

या गोष्टीत लोक जिद्दीकडे पाहतात, आणि ती होतीच. मला त्यात मालाचा स्वभाव महत्त्वाचा वाटतो. अँटिव्हायरस एकदा लिहून संपत नाही. नवा व्हायरस आला की नवा उतारा लिहावा लागतो. गिऱ्हाईक पैसे देत होते ते पुढच्या महिन्यात कोणीतरी जागे असेल या खात्रीसाठी. सगळ्याच सॉफ्टवेअरचे असे असते. अँटिव्हायरसमध्ये ते उघड दिसते आणि फळीच्या ॲपमध्ये दिसत नाही, एवढाच फरक.

कारण ॲप लिहून झाले म्हणजे काम संपले असे नसते. अँड्रॉइडची नवी आवृत्ती दरवर्षी येते. ठरावीक मुदतीत ॲप नव्या आवृत्तीला जुळवून घेतले नाही तर नवा फोन घेणाऱ्याला ते प्ले स्टोअरवर दिसेनासे होते. खाते उघडायचे 25 डॉलर एकदाच भरावे लागतात, हा खर्च सोसता येतो. पण 2023 च्या अखेरीपासून नव्या वैयक्तिक खात्याला ॲप खुले करण्याआधी सलग चौदा दिवस चाचणी घेणारी माणसे जमवावी लागतात. आधी वीस लागत, पुढे ती संख्या बारा झाली. आणि वैयक्तिक खात्यावरून ॲपचे पैसे घ्यायचे ठरवले, तर स्वतःचा पूर्ण पत्ता सर्वांना दिसेल असा द्यावा लागतो. घरातून एकटीने काम करणाऱ्या मुलीसाठी ही साधी अट नाही. मिळालेल्या पैशातून गूगलचा वाटाही जातो. 2021 पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरांपर्यंत तो पंधरा टक्के आहे, म्हणजे पन्नास रुपयांतले साडेसात.

आपल्याकडे गावगाड्यात या प्रकारच्या कामाची एक रीत होती: बलुते. लोहाराने वर्षभरात किती फाळ शेवटले, सुताराने किती औते नीट केली, याचा नगावर हिशेब नसे. सुगी झाली की खळ्यावर वर्षाचा वाटा मिळे. दुरुस्तीची वर्गणीच ती. त्या रीतीत जातीची सक्ती होती, दर ठरवणारा कारागीर नव्हता, आणि वाटा कमी पडला तरी त्याला काम सोडून जाता येत नसे. हा अन्याय झाकून बलुत्याचे गोडवे गाऊ नयेत. तरी देखभालीचे मोल वर्षाचे असते आणि ते देणाऱ्याच्या हातात पैसा येतो तेव्हा घ्यायचे असते, एवढे शहाणपण त्यात होते. नवी रीत बांधताना दर सांगण्याचा आणि नाही म्हणण्याचा हक्क कारागिराकडे असला पाहिजे.

मोफत देणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. राजस्थानातल्या अलवरचे सरकारी शाळेतले शिक्षक इम्रान खान यांनी विद्यार्थ्यांसाठी पन्नासहून अधिक ॲप्स बनवून मोफत दिली, आणि नोव्हेंबर 2015 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममधल्या भाषणात पंतप्रधानांनी त्यांचे नाव घेतले. आपल्या जिल्हा परिषदांच्या कितीतरी शिक्षकांनी पाढे, बाराखडी, कविता यांची छोटी ॲप्स बनवून एकमेकांना पाठवली. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त हा टंक आज कोणीही फुकट वापरू शकतो. गोंडी लिहिण्यासाठी घडवलेल्या दोन लिप्या, मसराम गोंडी 2017 मध्ये आणि गुंजाळा गोंडी 2018 मध्ये, युनिकोडमध्ये आल्या. त्यामागेही पैशासाठी न केलेले पुष्कळ काम आहे.

पण या प्रत्येक दानामागे पाहिले तर कुठेतरी एक पगार, एखादे अनुदान किंवा एखाद्या मोठ्या कंपनीने दिलेले काम असते. शिक्षकाला महिन्याचा पगार असतो, म्हणून तो रात्री ॲप लिहू शकतो. ज्याच्या मागे असा आधार नाही त्याने दान करावे अशी अपेक्षा धरली, तर ॲप लिहिण्याचे काम फक्त आधार असलेल्यांचे होते, आणि त्यांना न दिसणारे प्रश्न तसेच पडून राहतात. तेंदूच्या फळीचा हिशेब हा तसा प्रश्न आहे.

आधाराशिवाय चाललेले दान किती धोक्याचे ठरते, हे जगाने एप्रिल 2014 मध्ये पाहिले. बँका, टपाल, दुकाने यांच्या संकेतस्थळांवरची गुप्तता ज्या ओपनएसएसएल या मोफत सॉफ्टवेअरवर उभी होती, त्यात हार्टब्लीड नावाची मोठी चूक सापडली. त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या. जगातल्या श्रीमंत कंपन्या ते वापरत होत्या आणि सांभाळणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ती आळशी नव्हती, थकलेली होती. चूक उघड झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला.

म्हणजे वापरणाऱ्याच्या खिशाला हात घालता येत नाही, जाहिरात चालत नाही, आणि नुसते दान टिकत नाही. अशा ठिकाणी मला वाट दिसते ती याच जंगलातल्या एका जुन्या शब्दात.

तो शब्द आहे निस्तार. मध्य प्रांताच्या काळापासून चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो रुळलेला आहे. घर शाकारायला बांबू, कुंपणाला काट्या, चुलीला सरपण, नांगराला लाकूड असे गावकऱ्याला स्वतःच्या गरजेपुरते जंगलातून घेता यावे, हा निस्ताराचा हक्क. जमीन महसुलाच्या कागदात निस्तार पत्रक म्हणून त्याची नोंद असते, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यातही हा शब्द तसाच आला आहे. विक्रीसाठी तोडलेला बांबू मात्र निस्तारात मोडत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाने निस्तार आणि विक्री यांमधली रेषा देशाला दाखवली. अनेक वर्षे इथल्या जिल्ह्यांतला बांबू कागद गिरणीकडे सवलतीच्या दराने जात होता आणि गावाला तो विकण्याचा अधिकार नव्हता. 2009 मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना वनविभागाच्याच हाती राहिला, आणि बांबू हे झाड की गवत, यावर वाद चालला. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मग ग्रामसभेने व्यापाऱ्यांकडून दर मागवले. गावकऱ्याच्या घरचा बांबू निस्तारातच राहिला. बाहेर जाणाऱ्या बांबूला किंमत आली, आणि ती गावाने ठरवली.

त्या मुलीने आपल्या ॲपचा दर असाच लावावा असे माझे म्हणणे आहे. पुडे घेऊन येणाऱ्या बाईच्या फोनवर ॲप कायमचे मोफत, जाहिरातीशिवाय, तिची कोणतीही माहिती बाहेर न पाठवता. तिचा तो निस्तार. ज्या ग्रामसभेला हंगामाचा तक्ता हवा, हिशेब तपासून हवा, पुढल्या वर्षी नव्या फोनवर ॲप चालायला हवे, तिने वर्षाचा दर द्यावा. आणि जो ठेकेदार पाच-पंचवीस फळ्यांचा माल एकत्र उचलतो, त्याला सगळ्या फळ्यांचे आकडे एका जागी हवे असतील, तर त्याचा दर वेगळा आणि मोठा असावा. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा यांचा आधार घेऊन गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात आणि रॉयल्टी स्वतःच्या खात्यात घेतात. ज्या ग्रामसभेला व्यापाऱ्याशी दराची बोलणी करता येतात, तिला आपल्याच गावच्या मुलीशी ॲपच्या दराचीही करता येतील. प्ले स्टोअरच्या पन्नास रुपयांची आणि विसरलेल्या पासवर्डची अडचणही मग उरत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि बँकेच्या खात्यातून रक्कम, इतके साधे ते होते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनाचे आहेत. पहिला, हे काम सरकारचे आहे. आहे. सरकारने असे साधन बनवले, गोंडी, बंगाली, मराठी आणि तेलुगू या चारही भाषांत चालवले आणि दहा वर्षे सांभाळले, तर कोणालाही आनंदच होईल. पण योजना बदलली, निविदा संपली, अधिकाऱ्याची बदली झाली की ॲपही संपते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गावात राहणारी मुलगी फळीवर जाऊन विचारू शकते की आकडा का चुकला. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: पैसे घेणारी गावची मुलगी ठेकेदाराच्या बाजूची होणार नाही कशावरून? म्हणून ॲपची घडण उघडी असावी, म्हणजे जाणत्या माणसाला ते कसे मोजते हे पाहता यावे. आणि पुडे देणाऱ्याची नोंद त्याच्या स्वतःच्या फोनवरही राहावी. ठेकेदाराचे पैसे घ्यायचे असतील तर हे दोन्ही आधी ठरले पाहिजे. ते ठरत नसेल तर मी तिला ठेकेदाराचे पैसे घेऊ नको असे सांगेन.

भाषेच्या ॲपला हाच नियम लावून पाहा. गोंडी बोलणारे 2011 च्या जनगणनेत सुमारे तीस लाख होते, अनेक राज्यांत विखुरलेले, बोलीही वेगवेगळ्या. गोंडी कळफलकाचे किंवा गोष्टींचे ॲप मुलाला फुकटच मिळाले पाहिजे. शब्दसंग्रह वापरून यंत्राकडून भाषांतर करून घेणारी कंपनी मात्र निस्तारातली नाही. तिला दर सांगावा, आणि त्यातला वाटा शब्द देणाऱ्या गावांना जावा.

दर किती, हे मी इथून सांगू शकत नाही, पण तो काढायचा कसा ते सांगतो. वर्षभरात ॲपवर किती दिवस बसावे लागते ते मोजावे: हंगामाआधी चाचणीचे, हंगामात फोन घेण्याचे, ऑगस्टपर्यंत नव्या अँड्रॉइडशी जुळवण्याचे. त्या दिवसांना तालुक्यात कॉम्प्युटरच्या कामाला जी रोजी मिळते तिने गुणावे, आणि आलेली रक्कम घेणाऱ्या ग्रामसभांत वाटावी. वीस ग्रामसभा असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला जे येईल ते सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. जास्त वाटले तर लोक तिथेच बोलतील.

आणि वसुली मे महिन्यात करू नये. तेव्हा सगळ्यांचे हात पानांत असतात आणि खात्यात काही नसते. फळी उठते, गोण्या गोदामात जातात, आणि रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यावर येते ती पुढे केव्हातरी. ती जमा झाल्यावर जी पहिली सभा भरेल, तिच्या विषयपत्रिकेवर ॲपच्या वर्षाच्या दराचा विषय असावा, आणि ती मुलगी त्या सभेला वर्षभरात केलेल्या दुरुस्त्यांची यादी घेऊन आलेली असावी.